मदत हवी आहे : गोर्लिन सिंड्रोम, जनुकीय समुपदेशक पुण्यात कोण?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. दादाला गोर्लिन सिंड्रोम, म्हणजे जबड्यात गाठी आणि त्वचेचा कॅन्सर होऊ शकणारा आनुवंशिक आजार, निघालाय. दादाच्या जबड्यात गाठ (सिस्ट) झाली, काढली, दोन वर्षांत दुसरीकडे पुन्हा आली. दातांच्या डॉक्टरांनी त्याचे तळहात उलटेसुलटे करून पाहिले, तर टाचणीच्या टोकाएवढे बारीक खळगे! मग विचारलं, घरात कुणाला त्वचेचा कॅन्सर? बाबांच्या नाकाजवळची ‘चामखीळ’ काढली होती, तिचा रिपोर्ट बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचाच एक कॅन्सर. आम्ही तो कपाटात ठेवून विसरलो होतो.

आता दादाच्या रक्तात पीटीसीएच१ जनुकात बदल सापडलाय. हे ९व्या गुणसूत्रावरचं, पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक. त्याच्या दोनपैकी एक प्रत जन्मतःच बिघडलेली. त्वचेच्या एखाद्या पेशीत दुसरीही गेली की लगाम सुटतो. बाबांकडून आलं असेल तर माझ्यातही असण्याची शक्यता ५० टक्के. (आईचं ठाम मत, ‘आपल्या घराण्यात असलं काही नाही.’)

पुण्यात मराठीतून, बाबांना समोर बसवून नीट समजावणारे जनुकीय समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? आणि दादाचा नेमका बदल ठाऊक असताना माझी फक्त तेवढीच तपासणी कुठे होते, खर्च किती येतो? अख्खं पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) करायला सांगताहेत, ते मला पटत नाही. माझी मुलगी ६ वर्षांची आहे, म्हणून घाई. या आजारात रेडिएशन शक्यतो टाळतात, तरी शाळेच्या दंततपासणीनंतर तिचा एक्स-रे काढायचा का, हेही अनुभवींनी सांगा.

टोपी-सनस्क्रीन सुरू केलंय. घरगुती लेप कृपया सुचवू नका.