हिब्रूतला 'एत' म्हणजे आपला 'ला' समजायचा का?

शिकाऊ_उमेदवार
हिब्रूत 'एत' (आलेफ-ताव या दोन अक्षरांचा शब्द) दर दोन वाक्यांआड येतो. शब्दकोशात अर्थ नाही, नुसतं 'कर्माची खूण'. 'राईती एत दाविद', म्हणजे दाविदला पाहिलं, हे जुळतं. पण 'कोरे एत हा-सेफेर'चं 'पुस्तकाला वाचतो' होतं, ते काही पटत नाही.

अलिबागकर
'ला' समजू नका, फसाल. मराठीत 'ला' लागणार का, हे मुख्यतः कर्म सजीव आहे का यावर ठरतं. हिब्रूत कर्म निश्चित आहे का, एवढंच बघतात. 'कोरे सेफेर' म्हणजे कुठलंतरी पुस्तक, एत नाही. 'हा-' (इंग्रजी 'द'सारखा) लागला, विशेषनाम आलं किंवा 'सिफ्री' (माझं पुस्तक) असा मालकीचा प्रत्यय आला, की एत हवाच. जोडशब्दात शेवटचा शब्द बघायचा: 'एत सेफेर हा-येलेद', त्या मुलाचं पुस्तक.

बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात 'एत हा-शामाईम वे-एत हा-आरेत्स' आहे. दोन कर्मं, दोनदा एत. मराठीत त्याच आकाश-पृथ्वीला एकही 'ला' लागत नाही.

उलटी चूक जास्त होते. 'एक कुत्रा दिसला' या अर्थी आपण 'एका कुत्र्याला पाहिलं' म्हणतो, म्हणून लोक हटकून एत घालतात. बरोबर वाक्य नुसतं 'राईती केलेव'.

धातुपाठ
भर घालतो. आपला 'ला' दोन कामं करतो, हिब्रूत त्यांची वाटणी आहे: 'नाताती लो एत हा-सेफेर'. 'त्याला'साठी 'ले'चं रूप 'लो', पुस्तकाला एत.

कुठलं क्रियापद काय घेतं, हे क्रियापदासोबतच पाठ करा. शाआल (विचारलं) एत घेतं. आमार (म्हणाला) आणि आझार (मदत केली) 'ले' घेतात. मराठीत विचारणं-सांगणं दोन्हींना 'ला'च, म्हणून इथे घोळ होतो. 'कारा' (वाचलं, हाक मारली) तर दोन्ही घेतं: 'कारा ले-दाविद' म्हणजे दाविदला हाक मारली. तिथे एत घातलात तर दाविदला वाचून काढलंत.

शिकाऊ_उमेदवार
आणि मला, तुला?

धातुपाठ
ओती (मला), ओत्खा (तुला, पुरुष), ओताख (तुला, स्त्री), ओतो, ओताह, ओतानू, एत्खेम, ओताम. तुम्हांला म्हणताना 'ओ'चा 'ए' होतो, तेवढं लक्षात ठेवा. 'इती' मात्र वेगळं, 'माझ्याबरोबर'. आजच्या बिनस्वरचिन्हांच्या लेखनात ओतीत 'वाव' हे अक्षर असतं, इतीत 'योद' हे अक्षर. आणि सुटं आलेफ-ताव दिसलं तर ते 'आत', म्हणजे 'तू' (स्त्री), हेही असू शकतं. पुढचा शब्द बघूनच वाचा.

अलिबागकर
बोलण्यात 'येश ली एत हा-सेफेर' (ते पुस्तक माझ्याकडे आहे) सर्रास ऐकू येईल. पुस्तक तिथे कर्म नाहीच, म्हणून काटेकोर वैयाकरण नाक मुरडतात, बोलणारे बोलतात. इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांना तर एतच नकोसा होता.

प्रश्नात मात्र हिब्रू आपल्यासारखी वागते: 'एत मी राईता?' कोणाला पाहिलंस? 'मा राईता?' काय पाहिलंस? तिथला 'मी' म्हणजे 'कोण', हे वेगळं सांगायला हवं.