मदत हवी आहे: वाय कॉम्बिनेटर, टाइप आणि न संपणारे प्रोग्राम

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला आहे, विषय प्रोग्रामिंग लँग्वेज थिअरी. असाइनमेंट अशी: भाषेतलं रिकर्शन (फंक्शनने नाव घेऊन स्वतःलाच बोलावणं) न वापरता फॅक्टोरियल लिहा, पायथन आणि हास्केल दोन्हींत.

पायथनचं जमलं. सरळ वाय कॉम्बिनेटर (फंक्शन स्वतःलाच आर्ग्युमेंट म्हणून देऊन रिकर्शन मिळवायची युक्ती) टाकला तर रिकर्शन एररने आपटला. पायथन आर्ग्युमेंटची किंमत आधीच काढायला जातो, म्हणून आत आणखी एक लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) गुंडाळला (झेड कॉम्बिनेटर) आणि चाललं.

हास्केल मात्र अडून बसलं. ‘एक्स’ स्वतःलाच लावायचा तर त्याचा टाइप ‘ए’ आणि ‘ए कडून बी कडे’ हे दोन्ही एकच हवेत, म्हणजे टाइप अनंत, म्हणून कंपायलर नाकारतो. इथपर्यंत समजलं. मग न्यूटाइपमध्ये (आहे त्या टाइपवर नवं नाव चढवून वेगळा टाइप करायची हास्केलची सोय) तेच फंक्शन गुंडाळलं तर बिनतक्रार चाललं! उत्तरही बरोबर.

इथेच गाडी अडली. चर्चच्या 1940 च्या साध्या टाइप्ड लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये (फक्त फंक्शनं आणि त्यांचे टाइप असलेली छोटी गणिती भाषा) प्रत्येक प्रोग्राम संपतोच, हे वर्गात सिद्ध केलंय. मी रिकर्शन कुठेच लिहिलं नाही, फक्त एक टाइप घोषित केला, तरी न संपणारे प्रोग्राम लिहिता येतात. यादीचा टाइपही स्वतःचाच उल्लेख करतो, पण त्याने असं काही होत नाही.

‘फिक्स (हास्केलमधलं रिकर्शनचं तयार फंक्शन) वापर’ हे उत्तर नको, ते चालणार नाही. इंडक्शनच्या सिद्धता येतात, कॅटेगरी थिअरी अजिबात नाही. तोंडी परीक्षा सोमवारी आहे.

तर नेमका प्रश्न: माझ्या न्यूटाइपमध्ये टाइपचं स्वतःचं नाव फंक्शनच्या टाइपमधल्या बाणाच्या डावीकडे (म्हणजे आर्ग्युमेंटच्या जागी) येतं, एवढ्यानेच ती सिद्धता मोडते का? आणि मोडते ती नेमकी कोणत्या पायरीवर?