म्हणे, बेसबॉलच्या पोरांचा स्विंग त्याच दिवशी तोडा!

चिमणबागकर: पोरांच्या बेसबॉल स्विंगवर, म्हणजे बॅट फिरवण्याच्या ढबीवर, काल राजवाडा९ यांनी लिहिलं, “वाकडा स्विंग दिसला की त्याच दिवशी तोडा, बॅट कुऱ्हाडीसारखी वरून खाली आणा.” अहो दादा, फास्टबॉल प्लेटवर, म्हणजे फलंदाजापुढच्या पाटीवर, पाच-सहा अंश उतरत येतो. बॅटही उतरत आली तर दोघांची गाठ जेमतेम एका बिंदूवर. उशीर झाला की बॅट बॉलच्या डोक्यावर, घाई झाली की पोटाखाली. बॅट तेवढीच चढत आली तर ती जास्त वेळ बॉलच्या वाटेवर राहते, थोडी चूक खपून जाते. आणि “कोपर आत, खांदा बंद, नजर बॉलवर” हे एका दमात सांगितलं की पोरगं कोपर शोधत बसतं, बॉल मागे कॅचरच्या हातात. हात लांब फेकतोय? जाळीपासून एक बॅट अंतरावर उभा करा, बॅटची मूठ पोटाला, टोक जाळीला. स्विंगमध्ये जाळी वाजली की त्याचं त्याला कळतं.

राजवाडा९: कुऱ्हाड हा इशारा आहे, भूमिती नव्हे. क्रिकेटमधून आलेलं पोर पुढचं कोपर उचलतं, मागचा खांदा पाडतं. त्याच्या टीमागे (टी म्हणजे बॉल ठेवायचा उभा दांडा) हातभर अंतरावर दुसरी रिकामी टी ठेवा, पुढचीपेक्षा चार बोटं उंच. खांदा पडला की ती आडवी. आणि वाट किती बघायची? अमेरिकेचा हँक ॲरन उजवा फलंदाज असून उलटे हात धरायचा, बॅटच्या मुठीच्या टोकाला उजवा हात. 1952 च्या सुमारास ते बदलले, पुढे 755 होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके. जपानचा सदाहारू ओह 1962 मध्ये ऐन हंगामात पुढचा पाय उचलून एका पायावर उभं राहून मारायला लागला, त्याचे 868!

चिमणबागकर: ओह तेव्हा 22 वर्षांचा व्यावसायिक खेळाडू होता, आठवड्यातून दोन संध्याकाळ येणारं सहावीचं पोर नव्हे. शिवाय त्याचे प्रशिक्षक अराकावा यांनी त्याला टांगलेला कागद तलवारीने कापायला लावला. काम दिलं, प्रवचन नाही. आणि मागची टी उंच ठेवलीत तर बरोबर चढणारी बॅटही तिलाच धडकते. घ्या, पुन्हा कुऱ्हाड.

सराफ्याची_ताई: दोघंही आधी बॅट बघा! “दोन वर्षं चालेल” म्हणून बारा वर्षांच्या पोराला 32 इंची, 27 औंसची बॅट, शाळेच्या बुटांसारखी! पुढच्या हातात धरून बाजूला सरळ ताणा. वीस सेकंदांत टोक झुकलं तर जड. त्या वयाला 29-30 इंच, 19-20 औंस पुरे. जड बॅटने खांदा पडणारच, मग तुम्ही खांद्याला शिव्या देता.

पालक_पलासिया: ताई, बॅटी झाडाला लागत नाहीत. दरवर्षी नवी कुठून आणायची?

सराफ्याची_ताई: नका आणू. बॅट मुठीच्या टोकापासून दोन बोटं वर धरायला सांगा, टोक हलकं लागतं. पण तेवढं केलं की तुम्हीच कुंपणाबाहेरून ओरडता, “पूरी पकड, भिया!”

राजवाडा९: मुद्दा स्विंगचा होता, आता बॅटीचा बाजार भरला.

सराफ्याची_ताई: बॅटीशिवाय स्विंग तुम्हीच शिकवा.

चिमणबागकर: असो. उलटे हात पहिल्याच दिवशी सरळ करायचे, हे मान्य, ॲरनच्या पुण्याईने. बाकी स्पर्धेला तीन आठवडे उरले की काही मोडायचं नाही. बदल पावसाळ्यात, एका वेळी एकच, आधी टीवर, मग समोरून अलगद फेकीवर, शेवटी जोरात बॉल टाकणाऱ्या पिचरसमोर.

राजवाडा९: म्हणजे चार महिने खांदा पडू द्यायचा. छान! आणि टी-टी करताय, आपल्या मैदानावरच्या टीचं रबर फाटलंय, ते बघितलंत का?