पात्र 'रिटायर' करणे : निरोप घ्यायचा की द्यायचा?

दौतटाक :
डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर लिहून खेळल्या जाणाऱ्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या (पाचवी आवृत्ती) एका गटासाठी नियमपत्रक मराठीत आणतोय, एका कलमावर अडलोय. खेळाडू आपलं जिवंत, धडधाकट पात्र खेळातून कायमचं बाजूला काढतो, त्याला सगळे 'रिटायर करणं' म्हणतात. पात्र मरत नाही. खानावळ काढतं, मठात जातं, कुठल्यातरी राजाच्या पदरी राहतं. जाताना एक शेवटचा मजकूर लिहायचा, ती 'फेअरवेल पोस्ट'.

मी लिहिलं : "पात्र निवृत्त करताना निरोपाचा मजकूर लिहावा." लगेच दोन हरकती आल्या. 'निवृत्त करणे' वाचून पात्राची विभागीय चौकशी चालू होती असं वाटतं, ही पहिली. दुसरी, 'निरोपाचा मजकूर' म्हणजे कुणाला तरी पोचवायचा निरोप. नवा खेळाडू दूत शोधत बसेल. तर या दोन्हींना काय म्हणावं?

कानामात्रा :
पहिली हरकत बरोबर आहे. निवृत्त होणे अकर्मक. नि + वृत्, मागे फिरणे, प्रवृत्तीच्या उलट. जो मागे फिरतो तोच निवृत्त होतो. दुसऱ्याने 'केलं' की ती सक्तीची सेवानिवृत्ती. इंग्रजी क्रियापद दोन्हीकडे चालतं, म्हणून मराठीतही चालवायचं कारण नाही. "पात्र निवृत्त होताना" लिहा, प्रश्न मिटला.

घोरपड :
मिटला कसा? निर्णय खेळाडूचा असतो, पात्राच्या मनात काही नसतं. आणि 'पात्र' शब्दाजवळ 'निवृत्त' ठेवूच नका. "हे पात्र निवृत्तीस पात्र आहे" असं एक वाक्य पत्रकात आलं की संपलं.

कानामात्रा :
मग 'व्यक्तिरेखा' वापरा.

घोरपड :
तीन हजार सुवर्णमुद्रा चोरून पळालेल्या अर्ध्या उंचीच्या माणसाला व्यक्तिरेखा?

सातवी_पायरी :
शब्दाआधी कलमात काय काय येतं ते पाहा. रिटायरमेंटमध्ये वेगवेगळी कामं एकत्र कोंबली जातात आणि भांडणं होतात ती वस्तूंवरून. पाचव्या आवृत्तीत एका पात्राला जास्तीत जास्त 3 जादुई वस्तूंशी जुळणी (अट्यूनमेंट, म्हणजे वस्तूची जादू वापरता यावी म्हणून तिच्याशी बांधलं जाणं) करता येते. जाणाऱ्या पात्राने तलवार सोबत्याला दिली तर ती लगेच चालत नाही. आधीच्याची जुळणी तुटते ती अशी : वस्तू त्याच्यापासून 100 फुटांपेक्षा जास्त अंतरावर 24 तास राहिली, त्याने एक छोटी विश्रांती, म्हणजे किमान 1 तास, त्या वस्तूवर खर्च करून ती स्वतः सोडली, किंवा दुसऱ्या कुणी तिच्याशी जुळणी केली. पण नव्या धन्याला जुळणीसाठी किमान 1 तास लागतोच. म्हणून शेवटच्या प्रसंगात "ही घे तलवार" म्हणून घोड्यावर बसून निघून गेलेलं पात्र सोबत्याला तासभर तरी नुसतं लोखंड देऊन जातं. वस्तू शापित असेल तर ती अशी स्वेच्छेने सोडताही येत नाही, आधी शाप उतरवा.

याहून मोठी गडबड अशी की जुनं पात्र सगळं वाटून जातं आणि तोच खेळाडू नवं पात्र त्याच पातळीच्या साहित्यासह आणतो. दोन-तीन निवृत्त्यांत गटाकडे दुप्पट माल जमतो आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आखलेल्या लढाया पोरखेळ होतात. कलमात स्पष्ट लिहा : एकतर वस्तू पात्राबरोबर जातात, नाहीतर नवं पात्र रिकाम्या हाताने येतं.

या सगळ्याला मराठीत शब्द आहे : निरवानिरव. निरवणे म्हणजे कुणाच्या तरी हवाली करणे. वस्तू, देणी, अर्धवट वचनं, पाळीव घुबड. निरवानिरव आधी, निरोप नंतर.

ओसरी :
निरवानिरव! हा शब्द फक्त मृत्युपत्राच्या गोष्टीत वाचायला मिळतो हल्ली. निरव आणि निरोप एकाच घरातले असावेत, कानाला तरी तसं वाटतं.

कानामात्रा :
कानाला 'निरुपयोगी'ही तसंच वाटतं. कानावरून व्युत्पत्ती लावू नये.

सातवी_पायरी :
त्या घुबडाचंही बघा, ते 'फाइंड फमिलिअर' या मंत्राने आलेलं असेल तर दुसऱ्याला निरवता येत नाही. ज्याने बोलावलं त्याचंच. सोबत्याला हवं असेल तर तो मंत्र स्वतःला यायला हवा आणि 10 सुवर्णमुद्रांचा कोळसा, धूप नि वनस्पती पितळी शेगडीत जाळायला हव्यात. भावुक मजकुरात घुबड दान करणारे फार.

तिरपांगडे :
मूळ मुद्दा. निरोप हा शब्द पुरेसा आहे, क्रियापद निवडा. जाणारा निरोप घेतो, राहणारे निरोप देतात, आणि पोचवायचा असेल तर सांगतात किंवा धाडतात. इंग्रजी शब्दात कोण जातंय ते कळत नाही, मराठीत क्रियापदातच कळतं. मग ठरवा की मजकूर कोण लिहितंय. पात्र सोबत्यांचा निरोप घेतंय? सोबती पात्राला निरोप देताहेत? की खेळाडू आपल्या पात्राला निरोप देतोय? पत्रकात तीन वेगळी वाक्यं होतात.

दौतटाक :
तिसरं. म्हणजे पहिलंही.

ओसरी :
"आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा रामराम घ्यावा." इथे जाणारा देतो आणि राहणाऱ्यांनी घ्यायचा! तुकोबांनी तुमचं कोष्टक मोडलं.

तिरपांगडे :
तो रामराम आहे, निरोप नव्हे. रामराम जाणारा करतो, समोरचा स्वीकारतो. पण बरं झालं काढलंत. 'नोकरीला रामराम ठोकला', 'राजकारणाला रामराम' : इथे सोडणारा कर्ता आणि सोडलेली गोष्ट चतुर्थीत. दौतटाकना हवं ते सकर्मक हेच. "पात्राला रामराम ठोकणे".

घोरपड :
'ठोकणे'मध्ये राग आहे. पाच वर्षं खेळलेल्या पात्राला कोण ठोकतो?

मधलीसुट्टी :
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळातल्यांसाठी जोडतो. तिथे निवृत्तीचं बटण नाही. पुसण्याचं आहे, आणि त्यासाठी इंग्रजीत 'डिलीट' हा अख्खा शब्द टंकावा लागतो. निवृत्त करायचं म्हणजे न पुसता ठेवायचं. क्रम असा : आधी गिल्डचं (खेळाडूंच्या संघाचं) नेतृत्व दुसऱ्याकडे द्या, गिल्डप्रमुख असलेलं पात्र पुसताही येत नाही. मग टपाल रिकामं करा, न उचललेली पत्रं कायम राहत नाहीत. दुसऱ्या पात्राला सामान टपालाने धाडायचं तर एका पत्राला 12 नगांची मर्यादा. सोलबाउंड झालेलं, म्हणजे त्या पात्राशीच कायमचं बांधलेलं, काही जात नाही, ते अंगावरच राहतं, आणि निरोपाला तेच शोभतं. शेवटी /played टंकून एकूण खेळलेला वेळ दिसतो, त्याचं छायाचित्र घ्या. रोलप्ले सर्व्हरवर निरोपाचं भाषण करायचं तर एका ओळीला 255 वर्णांची मर्यादा आहे, म्हणून भाषण आधीच तुकडे करून ठेवा. ऐनवेळी कापायला गेलात की सगळे /cry (रडण्याची आज्ञा) करत उभे आणि वक्ता अडखळतोय.

त्यामुळे पुसणे आणि निवृत्त करणे यांना दोन शब्द हवेतच. ईव्ह ऑनलाइन या खेळात पात्र पुसलं की ते बायोमासच्या रांगेत लागतं आणि 10 तासांनी खरोखर जातं, तोवर परत घेता येतं. आणि तिथे खेळ सोडून जाण्याला चेष्टेत 'ईव्ह जिंकणं' म्हणतात.

ओसरी :
'सुटला' म्हणा. मराठीत तो जिंकण्याच्या जवळपास येतो.

कानामात्रा :
'एक्झिट' कुणी सुचवण्याआधीच सांगतो : वृत्तपत्रांनी 'अकाली एक्झिट' लिहून लिहून तो मृत्यूचा शब्द करून ठेवलाय. इथे पात्र जिवंत आहे. 'बोळवण'ही गेली. मूळ अर्थ पाहुण्याला, लेकीला मानाने वाटेला लावणं, आता नुसत्या आश्वासनांवर होते.

तिरपांगडे :
क्रिकेटने हा प्रश्न सोडवलाय, नियम 25.4. आजारपण, दुखापत किंवा अपरिहार्य कारणाने फलंदाज गेला तर तो नाबाद, परत येऊ शकतो. दुसऱ्या कारणाने गेला तर परतायला प्रतिस्पर्धी कर्णधाराची संमती लागते, न परतल्यास 'रिटायर्ड आउट'. तुमच्या कलमात हेच करा : निवृत्त पात्र डीएमच्या संमतीने एखाद्या प्रसंगापुरतं परतू शकतं का?

दौतटाक :
परतू शकतं, पण डीएम चालवणार, खेळाडू नाही. म्हणजे एनपीसी होऊन.

सातवी_पायरी :
मग हे गणपतीचं आहे. उत्तरपूजा होते, अक्षता टाकून मूर्ती जागेवरून थोडी हलवतात. मूर्ती तीच, प्राणप्रतिष्ठा उतरलेली. आणि मंत्रात 'पुनरागमनाय च' आहे, म्हणजे परतीची सोय ठेवलेली. रिटायर करणे = विसर्जन.

घोरपड :
ऑर्कचं विसर्जन.

कानामात्रा :
विसर्जन पाण्यातच असं नाही. सभा विसर्जित होते. वि + सृज्, सोडून देणे. सकर्मकही आहे. मला चालेल.

घोरपड :
कुणाला चालेल ते आम्ही ठरवू. गेमर मुलं बोलताना 'कॅरेक्टर रिटायर केलं' म्हणतात आणि तेच पत्रकात छापा. विसर्जन छापलंत तर पहिला प्रश्न येईल, कुठल्या तलावात.

कानामात्रा :
उद्या 'कॅरेक्टर शेल्फ केलं' छापा. मराठी पत्रक कशाला मग?

घोरपड :
निदान 'पेन्शनीत काढणे' घ्या. 'तो पेन्शनीत गेला' हे पिढ्यान्‌पिढ्या बोलतायत. इंग्रजी शब्द, पण स्त्रीलिंगी झाला, मराठी विभक्ती लागली. त्याला कुणी परका म्हणत नाही.

मधलीसुट्टी :
एक प्रकार राहिला. सर्व्हरच बंद होतो तेव्हा. सिटी ऑफ हीरोज हा ऑनलाइन खेळ 30 नोव्हेंबर 2012 ला बंद झाला, त्याआधी खेळाडू खेळातल्या ॲटलस पार्कमध्ये मशाली घेऊन जमले होते. तिथे कुणी पात्र रिटायर केलं नाही. धरणात गाव जातं तसं झालं ते. निवृत्ती नाही, विसर्जन नाही. विस्थापन म्हणता येईल, पण पुनर्वसन नव्हतं.

ओसरी :
पात्र, व्यक्तिरेखा सोडा. दशावतारात आणि बोहाड्यात शब्द आहे : सोंग. सोंग घेतात, सोंग उतरवतात. माणूस तोच, सोंग पेटीत. रोलप्लेइंग म्हणजे दुसरं काय आहे?

कानामात्रा :
'सोंग करू नकोस' ऐकलंय का कधी? शिवी आहे ती.

ओसरी :
तुमच्याकडे असेल. मालवणाकडे रात्रभर जागून बघतात.

दौतटाक :
मंडळी, दोन व्यवहारी अडचणी. एक, डिस्कॉर्डचा संदेश 2000 वर्णांत बसतो आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'क्षितिज' डोळ्याला तीन अक्षरं, मोजणीला 7. साधारण 300 शब्दांवर मजकूर तुटतो, म्हणून कलमात "300 शब्दांच्या आत" घातलंय. शिवाय निरोपाचा धागा 7 दिवस शांत राहिला की आपोआप मिटतो, पण कुणीही लिहिलं की उघडतो, म्हणून मॉडरेटरने त्याला कुलूप लावायचं.

दोन, पात्र नपुंसकलिंगी. "ते निघून गेलं" असं चेटकिणीबद्दल लिहवत नाही.

तिरपांगडे :
मग तिचं नाव घालून "ती निघाली" लिहा. आणि शेवटी 'येते' म्हणू द्या, 'जाते' नको. परतीचं कलम वेगळं लिहायची गरज उरत नाही.

सातवी_पायरी :
उरते. वस्तूंचं काय ते 'येते'मध्ये येत नाही.

दौतटाक :
तूर्त बटणावर 'पेन्शनीत काढा' टाकलंय. मोबाइलवर दोन ओळी होतात आणि दुसऱ्या ओळीत नुसतं 'काढा' राहतं.

घोरपड :
त्यात आलं किती घालायचं तेही लिहा.