केस्वाचाका: शक्यतो जूनमध्ये जा

पेरूतल्या कुस्को शहराहून गाइडसोबत एका दिवसात केस्वाचाकाचा गवती पूल पाहून परतता येईल का, असा प्रश्न आहे. येतं, पण नुसतं जायलाच तीन-चार तास लागतात, तेव्हा पहाटे निघणारीच सहल घ्या. वाटेत पोमाकांची, आकोपिया अशी सुंदर तळी लागतात. पूल साधारण ३,७०० मीटर उंचीवर आहे. आधी कुस्कोत राहून विरळ हवेची सवय होऊ द्या.

जमलं तर जून गाठाच. अपुरिमाक नदीवरचा हा जेमतेम २८ मीटरचा पूल चार केचुआ (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) वस्त्या मिळून दरवर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. बायका इचू गवताच्या बारीक दोऱ्या वळतात, पुरुष त्यांचे जाडजूड दोर करून दरीवर ताणतात. जुना पूल कापून खाली नदीत सोडतात, गवतच ते! तीन दिवस काम, चौथ्या दिवशी नाचगाणी. कोरोनाकाळात हे राहून गेलं आणि २०२१ च्या मार्चमध्ये पूल कोसळला; त्याच जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा बांधला. युनेस्कोने २०१३ साली गौरव केला तो पूल बांधण्याच्या या ज्ञानाचा आणि विधींचा, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

पूल ओलांडायला गावकरी शुल्क घेतात. ते आनंदाने द्या, घासाघीस करू नका.