'फॉल्टी टॉवर्स'वर मलाच हसू का येत नाही?

प्रश्न:
घरात सगळे 'फॉल्टी टॉवर्स' ही जुनी ब्रिटिश विनोदी मालिका बघून पोट धरून हसतात, मी मख्ख. हॉटेलमालक बेसिल पाहुण्यांवर खेकसतो, बिचाऱ्या वेटर मॅन्युएलला टपल्या मारतो. यात हसायचं काय? 'येस मिनिस्टर' ही मालिका मात्र कितीही वेळा बघेन. सचिव सर हम्फ्रीचं वाक्य संपता संपत नाही आणि मंत्रिमहोदयांचा चेहरा उतरत जातो, आहाहा! माझंच काही बिनसलंय का?

उत्तर १:
बिनसलंय कसलं! तुम्हाला शब्दांतला विनोद रुचतो, एवढंच. पण 'गूर्मे नाइट' हा भाग बघाच. गाडी बंद पडते. बेसिल तिला दम देतो, तीनपर्यंत मोजतो, मग पळत जाऊन झाडाची फांदी आणतो आणि गाडीलाच झोडपतो! बेसिल झालेल्या जॉन क्लीझचे ते लांब हातपाय बघत राहावेत. 1975 आणि 1979 मिळून जेमतेम 12 भाग, त्यामुळे पाणी घालायला वावच नाही.

उत्तर २:
आरडाओरडा मलाही सोसत नाही. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या ब्रिटिश मालिकेतला 1989चा तो प्रसंग बघा. तिचा नायक डेल बॉय ऐटीत बारच्या फळीवर रेलायला जातो, ती नेमकी उचललेली असते, आणि स्वारी सरळ आडवी. त्याचा मित्र ट्रिगर मात्र शोधतोय, हा गेला कुठे!

प्रश्नकर्ती:
दोन्ही पाहिले. गाडीच्या प्रसंगाला फस्सकन हसले, कबूल. टपल्या अजूनही नकोत. डेल बॉयचे आणखी भाग सुचवा.