काल्पनिक देशाच्या राजचिन्हावर क्रूस: ठेवू की काढू?

भटका नकाशा:
गेली दोन वर्षं मी एक काल्पनिक देश रचतोय. नाव तोरव्हाल. थंड समुद्रातलं एक बेट. नकाशा, नाणी, राजघराण्याची वंशावळ, सगळं झालंय. राजचिन्ह म्हणून निळ्या ढालीवर पांढरा क्रूस काढलाय. किनाऱ्यावरचे बहुसंख्य लोक ख्रिस्ती, डोंगरातले जुन्या दैवतांना मानणारे. राज्यघटना मात्र कुठल्याच धर्माची नाही. चिन्ह पाहून मित्र म्हणाला, "हे तर धर्मराज्य दिसतंय!" मला तसं वाटत नाही. ढालीवरचा क्रूस हा इतिहास असतो, प्रार्थना नव्हे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तरवारा:
बिनधास्त ठेवा. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलँड, पाचही झेंड्यांवर क्रूस आहे. डेन्मार्कचा झेंडा १२१९ च्या लढाईत आकाशातून पडला अशी दंतकथा. आज तोच झेंडा लोक वाढदिवसाच्या केकवर खोचतात. स्वीडनमध्ये २००० साली चर्च सरकारपासून वेगळं झालं, झेंडा होता तसाच राहिला. चिन्हं वापरून वापरून गुळगुळीत होतात.

तिरकस रेघ:
असहमत. गुळगुळीत व्हायला शतकं लागतात. तोरव्हालला तुम्ही दोन वर्षं दिलीत.
आणि हेतूचं म्हणाल तर रेड क्रॉस बघा. १८६४ मध्ये स्विस झेंड्याचे रंग उलटे करून ते चिन्ह घेतलं, त्यात धर्म नाही असंच सांगितलं जातं. तरी १८७६ मध्ये ऑटोमन साम्राज्याने आपल्या सैनिकांना क्रूस खुपतो म्हणून लाल चंद्रकोर घेतली. शेवटी २००५ मध्ये दोन्ही टाळणारा लाल स्फटिक मान्य करावा लागला. काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघणाऱ्याला कसं कळणार?

ढालकरी:
तुमचं भांडण चालू द्या, पण एक बघितलंत का? निळ्या ढालीवर पांढरा क्रूस म्हणजे चक्क ग्रीसचं राजचिन्ह. भोवती लॉरेलची पानं काढलीत की झालं!
दुसरं, क्रूस कुठला? खालचा दांडा लांब असेल तर तो चर्चचा वाटतो. चारही हात सारखे असले की ढालीचा वाटतो. दोन आडव्या दांड्यांचा स्लोव्हाकियाच्या ढालीवर तीन टेकड्यांवर उभा आहे, हंगेरीच्याही ढालीत आहे. आठ टोकांचा माल्टाचा. आकार ठरल्याशिवाय अर्थावर वाद घालणं म्हणजे बाजारात तुरी.
(अवांतर: रंगांचा नियम तुम्ही पाळलाय. ढालीवर पांढरा म्हणजे चांदी, पिवळा म्हणजे सोनं; सोन्यावर चांदी किंवा चांदीवर सोनं ठेवायचं नसतं. जेरुसलेमच्या राज्याने चांदीवर सोन्याचा क्रूस ठेवून तो मोडला, आणि त्याचीच कीर्ती झाली.)

भटका नकाशा:
अरे देवा, ग्रीस! डोक्यातच आलं नाही. हात सारखेच आहेत.

तिरकस रेघ:
आकाराने सुटका होत नाही. ऑस्ट्रियात १९३० च्या दशकात हुकूमशाही राजवटीने कुबडीसारख्या टोकांचा क्रूस आपली खूण केला. हातही सारखेच. चर्चचा वाटत नव्हता म्हणून तो निरुपद्रवी ठरला का?
शिवाय झेंडा आणि राजचिन्ह यांत फरक आहे. झेंडा काठीवर असतो. राजचिन्ह न्यायाधीशाच्या डोक्यावर असतं, पासपोर्टवर असतं, जप्तीच्या नोटिशीवर असतं. डोंगरातल्या बाईच्या हातात जमीन गेल्याचा कागद येतो आणि त्यावर क्रूसाचा शिक्का. तिला इतिहास दिसेल?

उत्तरवारा:
भिंतीवर चिन्ह असलं म्हणजे न्याय वाकडा होतो असं थोडंच आहे? इटलीत वर्गातल्या क्रूसावरून खटला झाला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०११ मध्ये १५ विरुद्ध २ मतांनी इटलीच्या बाजूने निकाल दिला. भिंतीवरचं चिन्ह निष्क्रिय असतं, असं त्यांचं म्हणणं.

तिरकस रेघ:
अर्धाच खटला सांगताय. त्याच न्यायालयाच्या छोट्या पीठाने २००९ मध्ये एकमताने उलटा निकाल दिला होता. आणि तो वर्ग होता हो, जप्तीची नोटीस नव्हे.

ढालकरी:
मधला रस्ता हवा असेल तर माल्टाचा झेंडा घ्या. त्याच्या कोपऱ्यात क्रूस आहे, पण ते शौर्यपदक आहे. १९४२ मध्ये ब्रिटनच्या राजाने अख्ख्या बेटाला दिलेलं. तुमच्या बेटावर असं काही घडलंय?

भटका नकाशा:
नाही. खरं सांगायचं तर किनाऱ्याच्या राजाने डोंगर जिंकला तेव्हा तो क्रूस त्याच्या ढालीवर होता. हे मी वंशावळीत लिहून ठेवलं होतं आणि विसरलो होतो.
काढत नाही. पण आता डोंगरातली न्यायालयं क्रूसाचा शिक्का लावत नाहीत, कोऱ्या ढालीचा लावतात. आणि राजधानी ते कागद परत पाठवते. दुसरं प्रकरण इथूनच सुरू करतो.

उत्तरवारा:
म्हणजे क्रूस राहिला. जिंकलो!

तिरकस रेघ:
कोरी ढाल आली. कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा.

ढालकरी:
निळा रंग बदला आधी.